बाईंना न चालणारा ‘च’

बाई निवृत्त झाल्या तेव्हा कॉलेजने स्मरणिका काढायची ठरवली आणि जुनी विद्यार्थिनी म्हणून माझ्याकडे मजकूर मागितला. मागणाऱ्या तरुण प्राध्यापकाने फोनवर नमुनाही सांगून टाकला. “शांत, प्रेमळ, ज्ञानतपस्वी असं काहीतरी लिहा मॅडम, आणि शेवटी दीर्घायुष्याच्या शुभेच्छा द्या.” मी म्हटलं, शांत? कोण शांत? तुम्ही त्यांच्या वर्गात एक दिवस तरी बसलाय का? मजकूर काही मी दिला नाही. तो इथे लिहिते आहे, कारण आमच्या बाईंवर कुणी शांतपणाचा आळ घेतलेला मला खपणार नाही.

बाई तत्त्वज्ञान शिकवायच्या, तेही एम.ए.ला आणि तेही पालघरमध्ये. विषय, पौर्वात्य आणि पाश्चात्त्य विचारांचा तौलनिक अभ्यास. बहुतेक विद्यार्थी नोकरी करणारे, म्हणून तास शनिवार-रविवार. मी बोईसरजवळच्या कुंभवलीची. तारापूरच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत नमुने तपासायचं काम करत होते. एम.ए. करते म्हटल्यावर घरी, शेजारी, कारखान्यात सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, त्याचा उपयोग काय? जो माणूस संध्याकाळभर मोबाइलवर दुसऱ्यांची लग्नं बघतो, तोही मला उपयोग विचारत होता. तेव्हापासून मला जो राग चढला तो अजून पुरता उतरलेला नाही, आणि बाईंच्या वर्गात तो उतरण्याची सोयच नव्हती.

पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, “पूर्व कुठे आणि पश्चिम कुठे?” मागच्या बाकावरून उत्तर आलं, “पश्चिमेला माहीम, केळवा. पूर्वेला मनोर.” वर्ग हसला. आमच्याकडे पूर्व-पश्चिम या स्टेशनच्या दोन बाजू, दुसरं काही नाही. मीसुद्धा अर्ज भरताना ‘पश्चिमेचा पेपर’ हे शब्द ऐकून, परीक्षेचं केंद्र कुठल्या बाजूला आहे असं कारकुनाला विचारून आले होते. बाई हसल्या नाहीत. “बरोबर आहे,” म्हणाल्या. “आणि मधे काय आहे?” कुणीतरी म्हणालं, रूळ. “मग रूळ ओलांडताना तुम्ही काय करता? दोन्हीकडे एकच गाव आहे असं म्हणत डोळे मिटून चालता का? दोन्हीकडे बघता. या वर्गात तेवढंच करायचंय.” मग त्यांनी पिशवीतून चिकू काढला, सुरीने चार फोडी केल्या, पुढच्या बाकावर ठेवल्या आणि हजेरी घ्यायला लागल्या.

ती पिशवी हा एक वेगळाच प्रकार होता. आमच्याकडच्या माहीमच्या पुढे त्यांची वाडी, चिकूची आणि पानवेलीची. येताना पिशवीत चिकू, विड्याची पानं आणि आमचे तपासलेले पेपर एकत्र यायचे. माझ्या पहिल्या पेपरावर चिकूचा डाग होता आणि डागाच्या बाजूला लाल शाईत लिहिलं होतं, “याला नडलं काय?” हा बाईंचा ठरलेला प्रश्न. कुठलाही तत्त्वज्ञ असो, हजारो वर्षांपूर्वीचा असो की मागच्या शतकातला, त्याचं मत सांगायच्या आधी त्याला कुठे नडलं होतं ते सांगायचं. माणूस उगाच बसून विचार करत नाही, काहीतरी अडतं म्हणून करतो, असं त्यांचं म्हणणं. ते अडलेलं सांगता येईपर्यंत संस्कृत शब्द वापरायला बंदी आणि इंग्रजी शब्दालाही बंदी. पाठ करून आलेली हुशार मंडळी या अटीपुढे पार आडवी व्हायची. त्यात मीही होते.

पण बाईंचा खरा शत्रू होता ‘म्हणजेच’.

नुसतं ‘म्हणजे’ चालायचं. ‘म्हणजे’ म्हटलं की पुढे बोलायला जागा राहते, असं त्या म्हणायच्या. त्याला ‘च’ जोडला की संपलं, दार लागलं. आणि तौलनिक तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला तर या ‘च’चं व्यसनच असतं. ब्रह्म म्हणजेच अमुक, शून्यता म्हणजेच तमुक, मोक्ष म्हणजेच आणखी कुणाचं काहीतरी. दोन नावं शेजारी ठेवली, मधे ‘म्हणजेच’ टाकला, झाली तुलना. बाई त्या ‘च’भोवती एवढं मोठं लाल वर्तुळ काढायच्या की खालची ओळ वाचता येत नसे, आणि त्या प्रश्नाचे मार्क गेलेच.

मी एकदा ‘माया म्हणजेच भ्रम’ लिहिलं होतं. मार्क गेले म्हणून तावातावाने भांडायला गेले. पुस्तकात तसंच दिलंय म्हणून पुस्तक दाखवलं. बाईंनी ते बंद करून माझ्या हातात ठेवलं. “भ्रम झालेला माणूस डोळे चोळतो. बरोबर? आणि मायेत असलेला माणूस बाजारात जातो, घासाघीस करून भाजी आणतो, ती शिजवतो, खातो आणि त्याचं पोट भरतं. दोघं एक कसे? सांग. सांग ना!” मी म्हटलं, पण साधारण तसंच आहे ना. झालं! राग चढला की बाईंची प्रमाण मराठी वाडीत पळून जायची. “साधारण? आगो, साधारण सगलाच सारखा हाय! साधारण तू नि मी पन सारख्याच. मंग तू कशाला आलीस, तुझा पेपर मीच लिवते!” बाहेर व्हरांड्यात लोक थांबून बघायला लागले. मी मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोलत बोईसरला परत आले. पण भाजीचं ते डोक्यातून जाईना.

बाहेरही त्यांचं हेच. कॉलेजच्या फाटकावर एकदा मोठा फलक लागला, ‘शिक्षण म्हणजेच विकास’. दुसऱ्या दिवशी त्यातल्या ‘च’वर पांढरा रंग. प्राचार्यांनी बोलावून घेतलं तर बाईंनी कबूल करून टाकलं. “आता निदान त्यावर वाद घालता येईल,” म्हणाल्या. विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी सकाळी ‘कर्म म्हणजेच पूजा’ असला काहीतरी फुलांचा संदेश आला की बाईंचा एकच शब्द खाली, “कशावरून?” रोज. प्राचार्यांच्या मेहुण्याने पाठवलेल्या संदेशावरही. शेवटी त्यांना गटातून काढलं. त्यांना ते आठवड्याने कळलं आणि त्या खूश झाल्या.

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. सांगताना मलाही गंमत वाटते. पण एका मुलीचं आयुष्य या ‘च’पाशी येऊन अडलं, तेव्हा मात्र मला काडीची गंमत वाटली नव्हती.

ती मुलगी सुगंधा, दातिवऱ्याची. घरची बोट, वडील आणि भाऊ समुद्रावर, आई मासळी सुकवायची आणि विकायची. वर्गात ती माझ्या शेजारी बसायची आणि महिनोन्महिने एक शब्द बोलायची नाही, कारण तोंड उघडलं की ‘हाय-नाय’ येतं आणि शहरातून येणारी दोघं-तिघं एकमेकांकडे बघतात, हे तिला माहीत होतं. न्यायदर्शनातला ‘अभाव’ चालला होता. एखादी वस्तू नसणं ही सुद्धा एक खरी गोष्ट आहे आणि ती डोळ्यांना दिसते, असं नैयायिक म्हणतात. त्यांचं ठरलेलं उदाहरण, जमिनीवर घट नाही. बाई आम्हाला छळत होत्या, कुणाला काय नडलं होतं म्हणून ते रिकाम्या जमिनीकडे बघत बसले? नसलेलं मडकं दिसतं कसं?

सुगंधा एकदम म्हणाली, “बाई, नाय दिसते.”

“दिसत नाही असं म्हण,” कुणीतरी मागून सुधारलं.

“दिसत नाय असा नाय,” ती म्हणाली. कानापर्यंत लाल झाली होती, पण थांबली नाही. “बोटी येतात तवा आमी बाया किनाऱ्यावर उभ्या असतो. मोजीत कोन नाय. पन एखादी बोट मागं ऱ्हायली, तर नजर टाकली का नाय दिसते. म्हंजे जी नाय हाय, ती दिसते. पानी दिसायच्या आधी ती दिसते. आनि ज्यांच्या बोटी आल्यात त्यांना पन दिसते.”

बाई खुर्चीवरून उठून तिच्या बाकापाशी आल्या. त्यांनी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं, मग आम्हा सगळ्यांना म्हणायला लावलं. ‘नाही दिसत’ आणि ‘नाय दिसते’, यात फरक काय? त्या दिवशी तास संपलाच नाही. शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहिला आणि बाई त्याच्यावर खेकसल्या.

त्यातून सुगंधाचा लघुप्रबंध उभा राहिला. एका बाजूला न्यायातला अभाव, दुसऱ्या बाजूला पश्चिमेतली ‘नथिंगनेस’ची, म्हणजे नसण्याची कल्पना, विशेषतः एका फ्रेंच तत्त्वज्ञाची, आणि त्या दोन्हींकडे बघायला दातिवऱ्याचा किनारा. तो फ्रेंच माणूस म्हणतो की ‘नाही’ हे वाट बघणाऱ्या माणसामुळे जगात येतं. सुगंधाचं म्हणणं, आमच्या किनाऱ्यावर तसं नाही. ज्या बाईला कुणाची वाट बघायची नाही तिलाही ती नाय दिसते, म्हणजे ती पाण्यावर आहे, आमच्या मनात नाही. मी तो प्रबंध टाइप करताना वाचला. दोन वर्षं ज्या विषयाचा मला उपयोग विचारला जात होता, तो कशासाठी असतो हे मला तेव्हा कळलं.

तोंडी परीक्षेला मुंबईहून परीक्षक आले. मोठे गृहस्थ, हसरे, गोड बोलणारे. मार्गदर्शक म्हणून बाईंना त्या दिवशी लांब ठेवलं होतं. मी बाहेर बसले होते, दार उघडं होतं. त्यांनी सुगंधाचं फार कौतुक केलं. मग म्हणाले, “फक्त एक वाक्य घाल, बेटा. ‘दातिवरे येथील नाय ही संकल्पना म्हणजेच पाश्चात्त्य नथिंगनेस होय.’ की मांडणीला वजन येईल. नाहीतर हे नुसतं वर्णन राहतं, तत्त्वज्ञान होत नाही.” वाक्य घालून दुरुस्त प्रत दिली तर उत्तम श्रेणी आणि त्यांच्या विद्यापीठात पीएच.डी.च्या जागेसाठी त्यांची शिफारस. नाही घातलं तर पास होण्यापुरते मार्क, आणि तेवढ्या मार्कांवर पीएच.डी.चं दार बंद. हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की मला उठून त्यांच्या अंगावर जावंसं वाटलं. अहो, सबंध प्रबंध हे दोन एक नाहीत हे सांगायला लिहिलाय! तो तुम्ही उघडून तरी बघितलात का?

सुगंधा घरी गेली. तिच्या घरी ठरलेलं होतं, पुढची जागा मिळाली तर शिकायचं, नाहीतर मामाने तारापूरला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगचं काम बघून ठेवलं होतं. तिने ते वाक्य घातलं. मीच टाइप करून दिलं. आता फक्त मार्गदर्शक म्हणून बाईंची सही हवी होती.

बाईंनी सही करायला साफ नकार दिला.

तेव्हा माझा राग परीक्षकांवरून उठून बाईंवर गेला. त्या रविवारी तास नव्हता. मी प्रत घेऊन सरळ त्यांच्या वाडीवर गेले. बाई पानवेली बांधत होत्या, पदर खोचलेला, हाताला माती. मी बसलेसुद्धा नाही. “तुमचा ‘च’ तुमच्यापाशी ठेवा,” मी म्हटलं. “तुम्हाला पगार आहे, वाडी आहे. त्या मुलीकडे काय आहे? तुमच्या एका अक्षराचा भुर्दंड तिने भरायचा?”

बाईंचा आवाज चढला. “एक अक्षर? तुला एक अक्षर दिसला? अगो, हा ‘च’ कायम एकाच बाजूनं चालतो! आमचा म्हणजेच त्यांचा. कधी उलटा ऐकलास? ते फ्रेंच लोक बोलले का कधी, आमची नथिंगनेस म्हणजेच दातिवऱ्याची नाय? कोन बोलेल? मोठा शब्द बारक्या शब्दाला गिळतो नि वरून ढेकर देतो, त्याला तुमी तुलना म्हनता! त्या किनाऱ्यावरच्या बायांनी जे बघितला, ते या वाक्यात मरून जाते. आनि मी त्याच्याखाली सही करू?”

“नका करू,” मी म्हटलं. “बाया तशाही कुणाला दिसल्या नाहीत. आता सुगंधाही दिसणार नाही. गोळ्यांच्या डब्यांना चिकटपट्ट्या लावेल.”

बाई वेलीकडे वळल्या. हातातली वेल बांधून झाली, तिच्या शेजारची बांधून झाली. मग त्यांनी नळावर हात धुतले. एवढी गप्प बसलेली बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

“तिला जागा मिळेल नक्की?” त्यांनी विचारलं.

“त्यांनी उघड्या दारात सांगितलंय, मी ऐकलंय.”

“आण इकडे.”

ओट्यावर बसून त्यांनी ते पान उघडलं. वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं. लाल पेन त्यांच्या पिशवीत असायचंच, पण त्यांनी माझ्याकडून निळं मागून घेतलं आणि सही केली. “मोठी होऊ दे पोरीला,” म्हणाल्या. “मग तिची तीच काढेल.” निघताना त्यांनी मला पानांचा विडा दिला, चिकू दिले. मी जिंकले होते आणि परत येताना रिक्षात मला इतकं वाईट वाटत होतं की शेजारच्या बाईने मळमळतंय का म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी कॉलेजच्या खिडकीपाशी सुगंधाला प्रत दिली. तिने आधी सही बघितली.

“बाईनी हे वाक्य वाचला?”

“वाचलं.”

“आनि काय बोलल्या नाय?”

“सही केली. आता दे ते आत.”

तिने खिडकीतून कारकुनाचं पेन मागितलं, पट्टी मागितली, आणि ते सबंध वाक्य पट्टी लावून खोडलं. बाजूला स्वतःची सही केली. कारकून म्हणाला, “ताई, खाडाखोड चालत नाही. वरून मार्क जातील.” ती म्हणाली, “जाऊ द्या,” आणि प्रत आत सरकवली. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एक बाई तुझ्यासाठी स्वतःचं तोंड दाबून सही करते आणि तू ती मातीत घालतेस, असं काहीतरी बोलले.

निकाल त्या हसऱ्या गृहस्थांनी सांगितला होता तसाच लागला. पास होण्यापुरते मार्क. जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली. सुगंधा पॅकिंगला लागली. शिफ्ट सुटताना ती मला दिसते, डोक्याला जाळी, हातात डबा. आमच्या वर्गातले लोक अजून भेटले की म्हणतात, वा, बाई आणि सुगंधा, दोघींनी तत्त्व राखलं. मला या वाक्याचा संताप येतो. त्यांना तत्त्व राखायला लावलं कुणी? एका हुशार मुलीने चांगला प्रबंध लिहिला होता, तिला जागा मिळायला हवी होती. त्यात कुणी काही राखण्याचा प्रश्न यायलाच नको होता. ज्याने तो आणला तो आजही कुठेतरी बेटा बेटा म्हणत मुलांच्या वाक्यांना वजन आणतो आहे.

निकालाच्या दिवशी कारकुनाने बाईंना खाडाखोडीचं सांगितलं. सुगंधा आणि मी फाटकापाशी उभ्या होतो. बाई व्हरांड्यातूनच ओरडत आल्या. “कोनी सांगितला होता खोडायला? मी सही केली होती ना? ठेवायचा होतास ना तो ‘च’! एक ‘च’ ठेवला असतास तर काय बुडणार होता?” पेपरातल्या प्रत्येक ‘च’वर तुटून पडणारी ही बाई, एका मुलीने ‘च’ काढला म्हणून भर रस्त्यात तिच्यावर ओरडत होती. रिक्षावाले वळून बघत होते.

सुगंधा म्हणाली, “बाई, नाय आमची हाय. ती अशी कोनाला देता नाय येत.”

बाईंनी तिचं मनगट धरलं. काहीतरी मोठ्याने बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांना एकदम रडू फुटलं. फाटकाच्या कट्ट्यावर त्या बसल्या. पिशवी खाली पडली, चिकू रस्त्यावर गेले, कुणी उचलले नाहीत. रडतानाही त्या भांडतच होत्या. सुगंधाचं मनगट काही त्यांनी सोडलं नाही. “मिळायला पाहिजे होती गं तुला ती जागा,” एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “मिळायला पाहिजे होती.”